सामाईक खड्डा

बावीस कुटुंबांनी मिळून जमीन घेतली, घरं बांधली आणि एकच नियम केला: जे सामाईक आहे, त्याला सर्वांच्या संमतीशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे विहिरीकडच्या वाटेवर पाइपासाठी खणलेला खड्डा तीन वर्षं तसाच होता. बुजवायला कुणाचाच विरोध नव्हता. पण माती सामाईक होती आणि ती काढली की दुसरीकडे खड्डा पडणार होता.

एका सकाळी खुरपं घेऊन भाजीच्या वाफ्याकडे निघालेली सुताराची बायको त्यात पडली. खड्डा पुरुषभर खोल. हातपाय धड होते, पण वर यायला आधार नव्हता. सुतार धावत आला, शिडी आणायला वळला आणि थबकला. शिडी त्यानेच केली होती, पण लाकूड सामाईक झाडाचं होतं.

"विचारून येतो," तो म्हणाला.

"कुणाला?" खालून आवाज आला.

"सगळ्यांना."

निवृत्त मुख्याध्यापक त्या महिन्याचे अध्यक्ष. त्यांनी तातडीची सभा बोलावली, म्हणजे दुपारी. शिडी खड्ड्यात उतरवणं हा खड्ड्याचा वापर ठरतो का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शिंप्याचं म्हणणं पडलं की बाई सकाळपासून सामाईक जमीन एकटीच वापरते आहे, तेव्हा तिची बाजू ऐकून घ्यावी. तिला बोलावणं गेलं. ती आली नाही. गैरहजेरीची नोंद झाली.

सुतार आधी चिडला. मग मसुद्यात 'शिडी देण्यात यावी' हे वाचून त्याने 'तात्पुरती' हा शब्द सुचवला. तो सर्वांना पसंत पडला. सभेने त्याचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ. त्याने आणखी एक शब्द सुचवला. ऊन कलेपर्यंत सुतार मसुदा-पोटसमितीचा प्रमुख झाला होता आणि ठराव इतका देखणा उतरला की अध्यक्षांनी तो दोनदा वाचला.

एकमताने मंजूर. सुतार शिडी खांद्यावर टाकून ऐटीत आला, तर खड्ड्यात कुणी नव्हतं. बायकोने खुरप्याने बाजूला पायऱ्या खणल्या होत्या, त्या मातीने खड्डा निम्मा बुजलाही होता आणि ती घरी कपडे वाळत घालत होती.

सभा पुन्हा भरली. सामाईक खड्ड्याच्या आकारात विनापरवानगी बदल केल्याबद्दल बाईंना नोटीस द्यावी आणि खड्डा पूर्ववत खणून घ्यावा, असा ठराव आला. थोडी कळ का काढली नाही, असं अध्यक्षांनी तिला विचारलं.

"मला वर यायचं होतं," ती म्हणाली.

अध्यक्षांनी ते इतिवृत्तात नोंदवलं आणि मतदान घेतलं. घरटी एक मत. एकवीस हात वर झाले. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मसुदा त्याच्याच हातचा होता. बाविसावा हातही वर गेला.

ही हकिकत ऐकणारा प्रत्येक जण सुताराला नावं ठेवतो. खुशाल ठेवा. फक्त तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्ही कशासाठी हात वर केला होता, ते आठवलं तर सांगा.