आंबटचुक्याचा बेकायदा मुक्काम

थंड उत्तरेकडच्या सुवाल्की गावातल्या आमच्या सामुदायिक बागेत भाजीनं कधी उगवायचं, हे नियमावलीत स्पष्ट दिलेलं आहे. मे महिन्यात थंड सोफीचा दिवस, म्हणजे शेवटच्या हिवाचा मानलेला सण, उलटला, की सुरू. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला कबरींवर मेणबत्त्या लागल्या, की बंद. सोफीच्या आधी टोमॅटो लावणाऱ्याच्या अकलेबद्दल आमच्यात दुमत नाही.

असं असताना भर मार्चमध्ये, गुडघाभर बर्फात, गेनियाबाईंच्या प्लॉटवर आंबटचुका हिरवागार आढळला. आमचे चिटणीस टेओफिल यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी दोन पानं खाऊन पाहिली आणि मगच तक्रार नोंदवली.

गेनियाबाईंनी फळ्यांची बुटकी पेटी केली होती. तळाशी घोड्याची ताजी लीद, वर माती आणि झाकणाला घरच्या जुन्या लाकडी खिडक्या. हा सगळा खटाटोप नवऱ्यासाठी. झेनोन हिवाळाभर अंथरुणाला खिळलेला. औषधांनी तोंडाची चव गेलेली, काही घशाखाली उतरेना. आंबटचुक्याचं सूप मात्र, वर उकडलेलं अर्धं अंडं घालून, वाडगाभर प्यायचा. त्या वाडग्यावरच माणूस तग धरून होता.

अध्यक्ष वाल्देमार जातीनं पाहणीला आले.

"गेनियाबाई, या खिडक्या ना?"

"अहो, ऊन आत यावं म्हणून काच लावलीय."

"म्हणजे खिडक्याच. ज्याला खिडक्या, ती इमारत. एका प्लॉटवर एकच खोपटं चालतं. हे तुमचं दुसरं."

"माझ्या गुडघ्याएवढं आहे हो ते!"

"तेच म्हणतो मी. उंचीही नियमात बसत नाही."

टेओफिलनी आत हात घातला. "साहेब, आत ऊब आहे."

"लिदीची आहे ती," गेनियाबाई म्हणाल्या.

"म्हणजे शेगडी आहे आणि धुराडं नाही!" अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "शिवाय हिवाळ्यात बागेत मुक्कामाला सक्त मनाई आहे. आत कोण राहतं?"

"आंबटचुका."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

"बघा! चांगलं बिऱ्हाडच थाटलंय."

खिडक्या काढण्याचा हुकूम झाला. बाईंनी त्या काढल्या आणि झेनोनची जुनी रजई पेटीवर पसरली. दुसऱ्या दिवशी टेओफिलना रजई दिसली. पांघरूण आहे, म्हणजे कुणीतरी झोपतं. मुक्काम सिद्ध झाला. रजई काढून बाईंनी फर झाडाच्या फांद्या घातल्या, त्या छप्पर ठरल्या. शेवटी रविवारी खास सभा बोलवावी लागली.

सभेत गेनियाबाई उभ्या राहिल्या. "सकाळी डोळे उघडले की झेनोन विचारतो, 'आज आंबट आहे ना गं?' काय सांगू त्याला?"

"सांगा, प्रकरण विचाराधीन आहे," अध्यक्ष म्हणाले.

वाईट आम्हा सगळ्यांनाच वाटलं. पण नियम तो नियम, आणि हॉलची किल्लीही लवकर परत करायची होती. पेटी उघडी ठेवण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. गेनियाबाईंचा हितसंबंध असल्यामुळे त्यांना मत नव्हतं.

पुढचा विषय सभासदांच्या जुन्या गाऱ्हाण्याचा होता: इथला भाजीचा हंगाम फार तोकडा आहे. तो लांबवण्याचे उपाय शोधायला तिघांची अभ्यास समिती नेमली आणि तिनं सिसिलीला जावं असं ठरलं, कारण तिथे हंगाम लांब असतो.

त्याच रात्री कडाक्याचं हिव पडलं. सकाळी आंबटचुका काळा पडून पेटीत निजला होता. झेनोननं साध्या सुपाचा चमचा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

जूनमध्ये समितीचा अहवाल आला. फळ्यांची पेटी करावी, तळाशी घोड्याची लीद घालावी, वर काच लावावी. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. अहवालावर चिटणीसांची उन्हानं रापलेली सही होती.

त्या रविवारी विरोधात एकही हात वर होऊ नये, याचा तुम्हाला संताप आला असेल. यायलाच हवा. तुम्ही असतात तर नक्की बोलला असतात, याबद्दल मला शंका नाही. पण सभेला यायला तुम्हाला वेळ कुठे होता? आणि आमच्या नियमावलीनुसार, जो आला नाही त्याची संमती धरली जाते.