जिन्यात अडलेलं कपाट

"हात लावू नकोस रे! लावलास की आपलं झालं!"

लहानपणी काचसामानाच्या दुकानात आईने मारलेली ही हाक कलमरावांच्या कानात अजून घुमत होती. मालकीहक्काचा पहिला धडा तोच. पुढचे धडे त्यांनी एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करता करता गिरवले. इतकी वर्षं इतके दावे बडवले, की कायदा डोक्यात शिरला की नाही हे देव जाणे, पण बोटांत नक्की शिरला होता! ऊठसूट कुठलं तरी कलम काढत, म्हणून अख्खी इमारत त्यांना कलमराव म्हणे.

"मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय!" असं म्हणून त्यांनी बायकोला कपाट घेऊन दिलं.

कपाट तिला हवं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत. फडताळात कलमरावांच्या फायली, दिवाणात कलमरावांच्या फायली, फ्रिजवर तर फायलींचा मनोरा. कुलूप लागेल अशी, किल्ली आपल्या मुठीत राहील अशी एक जागा असावी, एवढंच तिचं मागणं. कपाट दोन कप्प्यांचं होतं. एकीकडे कपडे टांगायला आडवी दांडी, दुसरीकडे फळ्या आणि कुलपाचं दार.

"घरपोच, आणि एक ओरखडासुद्धा नाही. माझी हमी!" दुकानदार छातीवर हात मारून म्हणाला.

घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्याच्या वरच्या वळणावर कपाट जे अडलं ते अडलं. वर चढेना, खाली उतरेना, डावीकडे कलेना, उजवीकडे वळेना. हमालांनी कण्हत कण्हत ढकललं, एकाने गुडघा मारला, आणि दांडीच्या कप्प्याची पाठीची फळी धाडकन निखळून पडली! हमालांनी एकमेकांकडे पाहिलं, किल्ली बाईंच्या हातात दिली, "चहा घेऊन येतो," म्हणाले, आणि आजवर चहाच घेतायत.

बाई कपाटाला आधार द्यायला पुढे झाल्या.

"अगं, थांब!" कलमराव ओरडले. "हात लावलास की ताबा घेतला! ताबा घेतला की माल पसंत! मग ही फुटकी पाठ आपल्या गळ्यात!"

"अहो, पण ते पडेल की!"

"पडू दे! पडलं तर दुकानदाराचं पडेल. घरपोच म्हणजे उंबऱ्याच्या आत. जिना म्हणजे घर नव्हे!"

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "जिना तुमच्याच घराकडे जातो ना? मग पोचलं!"

झालं! त्याच्या मते कपाट ह्यांचं, ह्यांच्या मते त्याचं. आणि कपाट आपलं दोन्ही भिंतींना खांदे लावून, रुसलेल्या जावयासारखं जिन्यात ठाण मांडून बसलं.

वरच्या मजल्यांना आता वाट एकच. खालून दार उघडायचं, कपाटात शिरायचं, दांडीखालून वाकायचं आणि फुटक्या पाठीतून वर निघायचं. आत दोघांची टक्कर होऊ लागली, तेव्हा लोक दारावर टकटक करू लागले. "आत कोणी आहे का?" "आहे, आहे! निघतेच!" शेजारच्या काकूंनी तर गाणंच जुळवलं. भाजीची पिशवी डोक्यावर धरून त्या कपाटातून म्हणत जात:

"जिन्यात अडलं कपाट, गावभर बोभाटा,
मालक म्हणे माझं नव्हे, मग कशाला आटापिटा!"

दांडी मात्र घातकी होती. "'डोकं सांभाळा' अशी पाटी तरी लावा!" काकू म्हणाल्या.

"पाटी लावतो तो मालक!" कलमराव म्हणाले. "मी कशी लावू?" पण त्यांचाही जीव राहीना. कचेरीतून आले की ते पायरीवर उभे राहून ओरडत, "डोकं सांभाळा हो! हे मी मालक म्हणून सांगत नाही, शेजारी म्हणून सांगतोय!"

ह्या गडबडीत बायको गप्प गप्प झालेली त्यांना दिसलीच नाही. सुट्टीच्या दिवशीही दुपारी ती घड्या घातलेले कपडे घेऊन जिन्याकडे जाई. गच्चीवर ऊन दाखवायला नेत असेल, असं त्यांना वाटे. पण गच्ची वर, आणि ती जाई खाली, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. पलंगाखालची बॅग रिकामी दिसली, तेव्हा तर त्यांना भलताच आनंद झाला. कपाटाच्या दाव्याची फाईल ठेवायला जागा झाली!

आणि एके सकाळी दांडीने घात केला. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, माणूस ताडासारखा उंच, कपाटात शिरले आणि आतून 'ठण्ण' असा आवाज आला. बाहेर आले तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ!

"हा हलगर्जीपणा आहे!" डॉक्टर गरजले. "कपाट कोणाचं? त्याच्याकडून नुकसानभरपाई घेणार!"

दुकानदाराला बोलावणं गेलं. जिन्यात माणसं गोळा झाली. निम्मी कपाटाच्या वर, निम्मी खाली. कलमरावांनी घसा साफ केला.

"सर्वांसमक्ष सांगतो! हे कपाट माझं नाही! मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही! माझा त्यावर कसलाही हक्क नाही!"

दुकानदार गालात हसला. "सगळ्यांनी ऐकलंत ना? छान! मग माझंच." तो डॉक्टरांकडे वळला. "साहेब, टेंगळाची भरपाई म्हणून हे निम्म्या किमतीत तुम्हीच घ्या. अर्ध्या वाटेवर तर आलंच आहे!"

डॉक्टरांनी टेंगूळ चोळलं, मग कपाट चोळलं. "कवळ्या ठेवायला बरं आहे."

कलमरावांना आयुष्यात पहिल्यांदा कलम सापडेना!

"मालही अस्सल," दुकानदाराला आता चेव चढला. "एकसंध! कुठे जोड नाही! जोड दाखवा आणि कपाट फुकट घेऊन जा, माझी हमी!"

"फुकट?" बायको म्हणाली. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय, ताई! काळ्या दगडावरची रेघ!"

ती शांतपणे पुढे झाली. मुठीतल्या किल्लीने कुलपाचं दार उघडलं. आत तिचे कपडे नीट रचलेले, एका कोपऱ्यात आरसा, बाजूला फणी! तिने एक थप्पी उचलून काकूंच्या हातात दिली, आरशामागून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मधल्या फळीतले चार स्क्रू फिरवले. कपाटाने सुस्कारा सोडला आणि जरासं अंग चोरून ते दोन तुकड्यांत सुटं झालं. दोन्ही तुकडे जिन्यातून अगदी आरामात गेले असते!

दुकानदार पायरीवर मटकन बसला. "कारखान्यातून येतं हो, मी फक्त विकतो..."

"हमीभंग!" कलमराव नाचायचे तेवढे बाकी राहिले. "धडधडीत हमीभंग! जिंकलो! अगं, हे स्क्रू तुला दिसले कधी?"

"पहिल्याच दुपारी."

"पहिल्याच? आणि इतके दिवस आम्ही कपाटातून रांगतोय! डॉक्टरांचं कपाळ फुटलं! बोलली का नाहीस?"

बायकोने दार हळूच लोटलं, किल्ली फिरवली. सगळा जिना कान देऊन उभा होता.

"अहो, पलंगाखालच्या बॅगेत आता काय आहे?"

"फाईल... कपाटाच्या दाव्याची," कलमराव पुटपुटले.

"म्हणून नाही बोलले," ती म्हणाली. "घरात आलं असतं, तर घराचं झालं असतं. जिन्यात होतं, तोवर तेवढं माझं होतं."