पेन्सिलीने बारीक केलेली दुर्गाताई

दर रविवारी दुर्गाताई मावा-जिलेबीचा पुडा घेऊन आमच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर बसायची आणि आमची गिऱ्हाइकं परत पाठवायची. कन्याशाळेत ती भूगोल शिकवायची. वजन भरपूर, आवाज त्याहून भरपूर. लग्नाच्या फोटोसाठी कुणी मुलगी आली की विचारायची, "नाक स्वतःचं ठेवणार, की ह्या पेन्सिलवाल्याचं घेणार?" मग तिच्या वडिलांकडे वळून ठरलेलं वाक्य, "बाप लाजला की पेन्सिल चालते, काका."

पेन्सिलवाला मी. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून मी मुली गोऱ्या करत असे, पात्याने खरवडून बारीक. बुऱ्हाणपुरात माझ्या हाताखालून गेलेली एकही मुलगी सावळी राहिली नाही.

त्याआधी दुर्गाताईचाही फोटो मीच सुधारला होता. तेव्हा देशात संस्थानं विलीन होत होती आणि ती वर्गातला नकाशा सारखा नव्याने रंगवत होती. मी तिची एक हनुवटी आणि अर्धी कंबर विलीन केली. फोटो स्टुडिओतूनच टपालाने रावेरच्या स्थळाकडे गेला.

पाहुणे आले. मुलाला गादीवरून उठवायला दोन माणसं लागत होती. पण त्याचा मामा दुर्गाताईकडे बघून म्हणाला, "ही मोठी बहीण का? फोटोतली बोलवा." देशाने एवढी संस्थानं सामावून घेतली, ह्यांना एक हनुवटी सामावेना.

तिचे वडील, तात्या, तरातरा स्टुडिओत आले. मालकाने मला विचारलं, "भैया, किसने कहा था?" नोकरी जाईल या भीतीने मी म्हणालो, "तात्यांनीच."

तात्या नाही-नाही म्हणत राहिले. गावाने माझं खरं धरलं, दुर्गाताईनेही. बापाला आपली लाज वाटली, हे तिने मनात पक्कं केलं. दोघं एका घरात राहिली, जेवली, पण तो विषय कधी निघाला नाही. पुढे स्थळं आली की ती निरोप धाडायची, "फोटो नाही. बाजारात येऊन बघा, सगळी एकदम दिसते." कुणी आलं नाही. तात्याही गेले.

ऐंशी उलटल्यावर, परवा, मी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"फोटोच्या दिवशी तू आत पदर नीट करत होतीस. तात्या मला म्हणाले, 'हिला हात लावू नको रे भाऊ. आहे तशी काढ. आमच्या घरात इतकी देखणी पोर झाली नाही.' मला हसू आलं. म्हटलं, बापाला काय कळतं."

आता ती माझी सालटी काढणार, म्हणून मी मान खाली घातली. तिने खुर्ची जवळ ओढली.

"देखणी म्हणाले?"

"देखणी."

"पुन्हा सांग. पहिल्यापासून."

मी चार वेळा सांगितलं. क्षमा मागायचं राहूनच गेलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.