आनंदाशेट फोन मिटतात

टचफोन आल्यापासून विचुंब्याच्या आनंदाशेटचं एक मोठं सुख हरपलं होतं. जुना मिटायचा फोन होता तेव्हा भांडणाचा शेवट ते स्वतः करत. "ठेवतो!" म्हणायचं आणि फोन खट्कन मिटायचा. समोरचा कितीही खरा असो, जिंकायचे आनंदाशेटच. काचेवर हलकेच बोट टेकवून फोन ठेवण्यात कसला आलाय राग?

म्हणून सूनबाई प्राचीने कंपनीतून घडीचा फोन घरी आणला, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. उघडला की छोट्या पुस्तकाएवढा, मिटला की खिशात, आणि बाहेरच्या अंगालाही एक पडदा. अशा फोनवर व्हिडिओ कॉल करताना काय कुठे दिसावं, कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवायचं प्राचीचं काम. तिचा आग्रह एकच, फोन उघडा नाहीतर मिटा, चालू बोलणं तुटता कामा नये. मिटला की कॉल आपसूक बाहेरच्या पडद्यावर जायचा. समोरच्याचा चेहरा मोकळा दिसावा म्हणून कॉल बंद करायचं लाल बटणही तिने लपवलं होतं. दोनदा टिचकी मारली की वर यायचं. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली होती. आता थोडे दिवस घरात वापरून बघायचं, एवढंच उरलं होतं.

ती संधी आनंदाशेटनी साधली. त्यांच्या लेकीचं, रोशनीचं, लग्न जासईच्या जीवनरावांच्या परेशशी ठरलं होतं. गाडं अडलं होतं धवलारणीवर. हळदीला धवळे, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गायला दोन्ही घरांना सत्यवतीबायच हवी होती, आणि दोन्हीकडची हळद एकाच संध्याकाळी. म्हातारीने "व्याही-व्याही ठरवा नि मंग मला सांगा" म्हणून अंग काढून घेतलं होतं.

"व्याहीबुवा, माज्या लग्नातबी तीच होती," आनंदाशेट फोनमध्ये डोकं घालून म्हणाले.

"माज्याबी होती, शेट," जासईहून जीवनराव म्हणाले. "नि आमी तिला पैलं सांगितलंय."

"आमी मुलीवाले. पैला मान आमचा!"

"मान घ्या हवा तेवडा. बाय मातर आमच्याकडंच येनार."

"मंग बसा तिला घेऊन! ठेवतो!"

खट्! किती वर्षांनी तो आवाज झाला. आनंदाशेटनी चष्मा काढला, फोन टेबलावर ठेवला आणि पाय लांब केले. बाहेरच्या पडद्यावर जीवनराव, त्यांची बायको आणि नवरदेव परेश थक्क होऊन विचुंब्याचा पंखा बघत होते, ते आनंदाशेटच्या गावीही नव्हतं.

"मिशा बघितल्यास त्याच्या?" ते बायकोला, भामाबाईंना, म्हणाले. "मिशांना तूप लावतो नि मला मान शिकवतो!"

चहा घेऊन आलेल्या प्राचीचं पडद्याकडे लक्ष गेलं आणि तिने चहा तिथेच ठेवला. "बाबा, फोन!"

"बंद केला मी. असा आपटला!"

कॉल कापावा म्हणून प्राचीने घाईघाईने फोन उघडला. तिनेच ठरवल्याप्रमाणे जीवनराव लगेच आतल्या मोठ्या पडद्यावर आले, मिशांसकट. "काय म्हनलाव शेट? तूप?"

"परत लावला वाटतं यानं!" आनंदाशेटनी फोन तिच्या हातातून ओढून पुन्हा मिटला. खट्! प्राचीने तो परत घेतला आणि टिचक्या मारत सुटली. दोनदा मारायच्या तिथे घाबरून ती चारदा मारत होती. बटण वर यायचं आणि लगेच आत पळायचं. स्वतः लपवलेलं बटण तिला स्वतःलाच सापडेना.

तेवढ्यात दारात रोशनी आली. डोळे भरलेले. "बाबा, मोडलं का लग्न?"

आनंदाशेटचा सगळा नूर उतरला. "येडी का खुली तू? असं घर परत गावंल का? काय द्यायचं-घ्यायचं इचारलं तर मानूस हात जोडून म्हनला, पोरगी द्या, बस. तुजी नोकरी चालू र्‍हाऊंदे, ह्ये तर मी न इचारता बोलला. उपकार हायत त्याचं आपल्यावर. उद्या सकाली जासईला जातो नि सांगतो, सत्यवतीबाय तुमची."

"मंग भांडलाव कशाला?" भामाबाईंनी विचारलं.

"इतक्या वर्सांनी फोन आपटाय गावला, तो सोडू?"

प्राचीच्या मुठीतून जीवनरावांचा आवाज आला. "शेट, सत्यवतीबाय तुमची."

प्राचीची बोटं थांबली. आनंदाशेटनी चाचपडत चष्मा घातला, फोनकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले.

"नाय व्याहीबुवा, तुमची," ते कसेबसे म्हणाले.

"तुमची म्हनतो ना!"

"एकदा सांगितलं ना, तुमची!"

दोघांचा आवाज पुन्हा चढायला लागला, तशी भामाबाईंनी फोन घेतला, अर्धा उघडून टेबलावर उभा केला आणि म्हणाल्या, "ह्यो असा उबा र्‍हातोय तर दोगांचीबी."

तसंच झालं. हळदीला सत्यवतीबाय विचुंब्यात बसली, समोर फोन अर्ध्या घडीवर उभा, आणि धवळे जासईच्या मांडवातही घुमले. मधेच गाणं थांबवून तिने फोनमधूनच जासईच्या बायकांना दम भरला, "ती हलद पातल झालीय गो, घट करा!" बोलणं एकदाही तुटलं नाही. प्राचीने मनोमन त्या फोनचे आभार मानले.

तरी लग्नानंतर तिने शहाणपणाने रचना बदलली. फोन मिटला की कॉल बंद, आणि लाल बटण कायम समोर.

एका दुपारी आनंदाशेटनी जीवनरावांशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, "ठेवतो" म्हणून फोन मिटला, बाहेरचा पडदा वर येईल असा टेबलावर नीट ठेवला आणि घसा खाकरून, भिंतीकडे बघत, मोठ्यांदा म्हणाले, "भामा, आपली पोर सुखात हाय ती त्या मानसामुलं. लय मोठ्या मनाचा मानूस!"

मग ते कान देऊन थांबले. फोन गप्प.

"ऐकलं नाय वाटतं."

"बाबा, आता मिटला की कॉल कट होतो," प्राची म्हणाली. "तुमच्यामुळेच बदललं."

"चांगलं चाललेलं कशाला बदलता गो?" आनंदाशेट खट्टू झाले. त्यांनी फोन थोडा वेळ हातात फिरवला. "लाव परत. तोंडावर सांगतो."

कॉल लागला. मोठ्या पडद्यावर मिशा आल्या.

"व्याहीबुवा," आनंदाशेट म्हणाले आणि अडले. "ते... मी काय म्हनत होतो..."

"बोला शेट."

भामाबाई आणि प्राची माना उंचावून बघत होत्या.

"जेवलाव का?"

जीवनरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"जेवलो," ते म्हणाले. "नि न बोललाव तेबी कललं, शेट. तुमीबी लय मोठ्या मनाचं हाव."