मोज्यातल्या तीन बाटल्या

स्वस्तातली फ्रेंच रेड वाइन ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! बाबांनीच शिकवलंय. लेबलवर प्रसिद्ध गावाचं नाव दिसलं, की बाटली खाली ठेवायची आणि त्या गावाच्या कुंपणापलीकडची बाग शोधायची. माती तीच, ऊन तेच, किंमत निम्मी! प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली, की तीही खानदानी वागायला लागते.

मामाला हे कधी पटलं नाही. बाबांच्या वाइनला तो ‘दाजींचं औषध’ म्हणायचा. बाबा जाऊन चार महिने झाले, तेव्हा त्याने आईला सुचवलं की बाटल्या मोरीत ओताव्यात आणि कपाट मोकळं करावं. आई गप्प बसली. तो होकार समजून मामा रविवारी दुपारी खोकी घेऊन येणार होता.

मी फोन करून पैज लावली. तीन बाटल्या झाकून ठेवते; दोन बाबांच्या, एक तू त्यांना भेट दिलेली महागडी. तुझी ओळखलीस तर कपाट रिकामं कर, नाही ओळखलीस तर कपाटाचं नाव काढायचं नाही. तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

रविवारी मी बुचं काढली आणि बाटल्यांवर बाबांचे मोजे चढवले. रफू केलेल्या तपकिरी मोज्यात मामाची बाटली, हे घोकत पाव आणायला गेले. परत येऊन बघते तर मोजे वेगळेच!

“आई, मोजे कुठे गेले?”

“मळके होते गं. मशीनला टाकले. धुतलेले चढवलेत.”

तेहतीस वर्षांची सवय. बाबांचा मोजा दिसला की तिचा हात आपोआप मशीनकडे जातो. कोणत्या मोज्यात कोणती बाटली, हे तिने अर्थातच पाहिलं नव्हतं. मी वाकून बघणार, तेवढ्यात बेल वाजली.

मामा बाटल्यांसमोर परीक्षकासारखा बसला. विहिरीत डोकावावं तसं त्याने ग्लासात नाक घातलं, तिन्ही चाखल्या आणि पट्ट्यांच्या मोज्यावर बोट ठेवलं. “ही माझी. पैसा लपत नाही. आता तू ओळख, दाजींची कोणती?”

काळ्या मोज्यातल्या वाइनचा पहिला घोट घेतला आणि लगेच दुसराही घेतला. तोच किंचित धुरकट वास, तीच शनिवारची संध्याकाळ. “काळी,” मी म्हणाले. “डोळे मिटून सांगते.”

आईने पट्ट्यांचा मोजा ओढला. लेबलवर बाबांचं बारीक अक्षर होतं: ‘सगळ्यांत स्वस्त. मेहुण्याला पाजून बघायची.’

मी खुर्चीवरून उडालेच! जिंकलो! बाबा जिंकले! कपाट वाचलं!

मग आईने शांतपणे काळा मोजा ओढला. आत मामाची महागडी बाटली होती.

मामा माझ्याकडे बघत राहिला. मी पाव कापायला घेतला.

खोकी रिकामीच परत गेली. धुतलेले मोजे आईने जोड्या लावून बाबांच्या खणात ठेवले. मामा आता दर रविवारी औषधाला येतो आणि तो नि आई मिळून बाटली निवडतात.

मला कुणी विचारत नाही.