सकपाळदादांचा शेवटचा रकाना

सकपाळदादा गेले तीन महिने दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून पोलादपुरात फिरतायत. डावीकडे जुनं, उजवीकडे लेकीनं दिलेलं नवं. नव्यानं शंभर दिवस जुन्याएवढीच वेळ दाखवली की जुनं निवृत्त. तोवर कुणी वेळ विचारली तर दोन्ही जुळवून सांगतात. तेवढ्यात विचारणाऱ्याची एसटी सुटते.

स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून हे ध्यान माझ्या वाट्याला आलं. दादा घरी बसून मुंबईच्या एका विमा कंपनीचं काम करतात. तिथल्या भल्यामोठ्या जुन्या कॉम्प्युटरची, मेनफ्रेम म्हणतात त्याला, ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचीय. मला काही कळेना, तेव्हा म्हणाले, "वहिनी, घरचा कारभारी बदलायचा, पण घरातलं एक काम एक दिवस अडता कामा नये." आधी दोन्ही कारभारी शेजारीशेजारी राबवायचे, उत्तरं जुळवायची, मग जुन्याला निरोप. नुसत्या आखणीला दोन वर्षं झाली. पडद्यावर भरवसा नाही, म्हणून दर सोमवारी चाळीस पानं माझ्याकडून छापून नेतात. प्रत्येक पानावर शेवटचा रकाना ठरलेला: परतीची वाट. फसलं तर मागं कसं यायचं, ते त्यात. ती लिहिल्याशिवाय पाऊल उचलू नये, हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या वेळी लिहिली होती का, असं मी एकदा वैतागून विचारलं. तर म्हणे, तेव्हा अनुभव कमी होता.

या माणसाचं घोडं अडलं ते आईपाशी. आई वरच्या वाडीत एकटी, सोबतीला दोन म्हशी. यंदा घरामागं डोंगराला भेग दिसली. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्याकडे भेग म्हटलं की लोक सामान बांधायला घेतात. पावसाळा तोंडावर आणि म्हातारी हलायला तयार नाही. दादांचं जेवणावरचं मन उडालं. मग काय, त्यांनी आईच्या स्थलांतराची आखणी केली. आधी कोंबड्या, मग म्हशी, मग आई. म्हशी खाली दूध तेवढंच देतात का, ते आठ दिवस जुळवायचं. प्रती तीन. आईला अक्षरओळख नाही, तरी एक तिची, कारण संबंधितांना प्रत गेलीच पाहिजे.

बाजारच्या दिवशी आई उतरली ती थेट माझ्या दुकानात. कमरेचा कागद काढून समोर ठेवला. लेकानं सगळं वाचून दाखवलं, शेवटचं तेवढं गिळलं, अशी तिची तक्रार.

"वाच गो, काय लिवलाय?"

तिच्या नावापुढे परतीची वाट होती: 'आईला खाली करमलं नाही, तर मी वर राहायला जाईन.'

ती ओळ मी तिला दोनदा वाचून दाखवली. भेग कुठवर आलीय ते दादांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हातारीनं कागदाची घडी घालून तो पुन्हा कमरेला खोचला.

"त्याला काय सांगू नको. म्हशींना टेम्पो सांग गो, उद्याच."

आता आई खाली आहे, भेगेचा घोर मिटलाय. कोंबड्यांआधी म्हशी आल्या म्हणून दादा दोन दिवस अस्वस्थ होते, पण एकंदरीत खुशीत. आखणी चोख असली की माणूस आपसूक हलतो, हे त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं. मी त्यांची चाळीस पानं छापत राहिले.

रोज संध्याकाळी ते अंगणात आईला विचारतात, करमतं ना? म्हातारी वर वाडीकडे बघत असते.

"करमतंय रे. लय करमतंय," ती म्हणते, आणि दादा समाधानानं वहीत टिक करतात.