इंदरचंद शेठजींचे तीन राजे

वाईट पाने आली म्हणजे कोणीही हरू शकतो. चांगली पाने हातात असताना हरायचे, तर माणसाच्या गाठी धंद्याचा दांडगा अनुभव लागतो. घोडेगावच्या इंदरचंद शेठजींकडे तो तीस वर्षांचा होता.

एकोणीसशे सातच्या सुमारास घोडेगावात पोकर नावाचा विलायती खेळ आला. तो आणला शिनोलीच्या जानकूने. जानकू पुण्याच्या लष्करात एका साहेबाचा बटलर होता. साहेब मायदेशी जाताना त्याला एक जुना कोट आणि पत्त्यांचा कॅट देऊन गेला. (कोट पहिल्याच पावसाळ्यात गेला. संस्कृती टिकली.)

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला पाच पाने. नको असतील ती एकदाच बदलून घ्यायची. बदलण्याआधी एकदा पण लावायचा, नंतर एकदा. ज्याला झेपत नाही त्याने पाने टाकून उठायचे. तीन राजे हातात आले तर उत्तमच, पण एकाच जातीची पाच पाने जमली, म्हणजे पाचही बदाम किंवा पाचही किलवर, तर ती तीन राजांनाही भारी. (साहेब लोकांना हा नियम पाठ करावा लागतो म्हणे. घोडेगावात तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही.)

बाजारच्या दिवशी दुपारी शेठजींच्या दुकानाच्या ओट्यावर मंडळ भरे. मंडळाने साहेबांच्या खेळात दोन सुधारणा केल्या. पहिली अशी, की पैशाने खेळायचे नाही, कारण जुगार न खेळण्याचा नेम शेठजींनी चातुर्मासाला आलेल्या जैन साधूंपुढे, म्हणजे महाराजसाहेबांपुढे, घेतलेला होता. पैशाच्या जागी हिरडे आले. हिरडा औषधी आहे, आणि तळेघरच्या रानातून आलेला शेठजींच्या गोदामात पोत्यांनी पडलेला होता. दुसरी सुधारणा अशी, की किती पाने बदलायची ते आधी जाहीर करायचे, मग पण लावायचा आणि मग पान घ्यायचे. मालाचे नाव काढल्याशिवाय भाव बोलणे बाजाराच्या रीतीत बसत नाही. यामुळे खेळातले गुपित बरेचसे उघडे पडे, पण रीत राहिली.

त्या दिवशी बोरी बुद्रुकचा भिमाजी आपल्या बैलजोडीसाठी दावी आणि कासरे घ्यायला आला होता, तो ओट्यावर बसला. जानकूने पाने वाटली. शेठजींना तीन राजे आले. गिऱ्हाईकाने खरेदीचा भाव विचारला म्हणजे ते जसा चेहरा करीत, तसा त्यांनी केला.

भिमाजी म्हणाला, एकच पान पाहिजे. ओट्यावरच्या सगळ्यांना काय ते कळले. (दोन जोड्या असलेला माणूसही एकच पान मागतो. परंतु मंडळाचा अनुभव असा, की भिमाजी दहापैकी नऊ वेळा एका जातीची चार पाने धरून पाचव्याची वाट पाहत असतो. दहाव्या वेळी त्याला पाने नीट दिसलेली नसतात.)

जानकू शेठजींच्या कानाशी वाकला. "शेठ, मोठा पण लावा. पाचातनं चारदा त्याला पान लागत न्हाई. पर फुकाट बघू देऊ नगा."

सल्ला योग्य होता. पण मोठा पण लावला तर भिमाजी पाने टाकून उठला असता, आणि आलेले गिऱ्हाईक या ओट्यावरून हात हलवत उठून गेल्याचे कुणी पाहिले नव्हते. आधी पाणी, मग सुपारी, मापावर मूठभर वर, असे करत करत त्याला बसवायचे आणि मग काय ती किंमत घ्यायची, यावर दुकान उभे होते. शेठजींनी एक हिरडा पुढे सरकवला. तो किडका होता.

भिमाजीनेही एक टाकला. पान आले. भिमाजीने ते पाहिले, उपडे ठेवले आणि मांडी नीट घातली.

आता माल गिऱ्हाईकाच्या हातात होता, म्हणजे भावाची वेळ झाली होती. शेठजींनी समोरचे सगळे हिरडे लावले, मग एक पोते लावले, आणि तरीही समाधान होईना तेव्हा म्हणाले, "आणि हरणी."

हरणी म्हणजे शेठजींची घोडी. तळेघरची वाट तिला इतकी पाठ होती, की चढावर शेठजी तिच्या पाठीवर झोप काढीत. तिच्यावर त्यांचा जीव होता. ज्याला उधारीवर पोतेभर भात दिले असेल त्यालाही ते घोडी घटकाभर देत नसत. (घोडी म्हणजे पैसा नव्हे, हे महाराजसाहेबांनीही मान्य केले असते. त्यांना विचारले नाही.)

भिमाजीने मान हलवली. "शेठ, ऱ्हाऊ द्या. मला पान लागलंय."

इथे अनुभव कामी आला. नको म्हणणाऱ्यालाच माल हवा असतो, परवडत नाही म्हणणाऱ्याच्या कनवटीला पैसे असतात, आणि खरेच काही हाती असलेला माणूस ते कधी बोलून दाखवत नाही. यावरून भिमाजीच्या हातात काहीही नाही, हे सिद्ध झाले.

"भाऊ, तीस वर्षं हेच ऐकतोय मी," शेठजी म्हणाले. "बैलजोडी लावता का, ते बोला."

"हरणी जाईल तुमची," भिमाजी म्हणाला. शेठजींना वाटले, गिऱ्हाईक भाव पाडतेय. त्यांनी पाठ वळवल्यासारखे केले. मग भिमाजीने बैल लावले आणि पाने उलटी केली. पाचही बदाम होते, त्यातली दुर्री नुकतीच आलेली.

भिमाजी शरमून म्हणाला, की घोडी घेऊन मी काय करू, असू द्या तुमच्याकडेच. हो म्हणावे असे शेठजींना फार वाटले. पण दिलेला माल परत घेतला जाणार नाही, हे ते याच ओट्यावरून अख्ख्या तालुक्याला सांगत आले होते आणि अर्धा बाजार बघत होता. त्यांनी आपल्या हातांनी घोडी सोडली. त्यांच्या पत्नी उगमबाई आतून गूळ घेऊन आल्या, तो त्यांनी हरणीच्या तोंडाशी धरला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "गिऱ्हाईक खरं बोलाया लागलं, की तुमाला ऐकूच येत न्हाई."

पुढच्या खेपेला शेठजी तळेघरला पायी निघाले. शिनोलीच्या पुढे त्यांना रडू आले. ते कुणी पाहिले नाही, म्हणून इथे नमूद केले आहे.

इकडे ओट्यावर शेठजींच्या डावाचा सखोल अभ्यास सुरू झाला. आधीच जबर पण लावायला हवा होता, आणि पान लागल्यावर गप बसायला हवे होते, यावर एकमत झाले. ज्यांनी जन्मात पत्ते धरले नव्हते त्यांची तर खात्रीच होती. उन्हाळा संपेपर्यंत शेठजींच्या जागी असते तर जिंकले असते अशा माणसांची संख्या गावच्या खानेसुमारीच्या पुढे गेली, तेव्हा या तज्ज्ञांचे वेगळे मंडळ करावे लागले. त्याला वर्गणी नाही. अटी दोनच: मत दोघांचीही पाने उघडी पडल्यावर द्यायचे, आणि घोडी दुसऱ्याची असली पाहिजे.

आपण दोन्ही अटी पुऱ्या करता. मघाशी शेठजींनी किडका हिरडा सरकवला तेव्हा आपण मनात काय म्हणालात, तेही ध्यानात घेतले आहे, आणि आपले नाव मंडळात घातले आहे. या, बसा. फक्त जरा सरकून घ्या. ओट्यावर गर्दी फार आहे.